गच्चीचा खर्च आणि विहीणबाईंचा चहा

रविवारच्या मीटिंगमध्ये खंडेरावांनी तोंडातून एक शब्द काढला नाही, आणि तरीही दुपारपर्यंत अख्ख्या 'वत्सलाकुंज'ने त्यांना आपला पुढारी करून टाकलं होतं.

झालं होतं एवढंच, की तळमजल्यावर मालकांच्या हॉलमध्ये चहाचा ट्रे फिरला आणि खंडेरावांनी आपला कप न पिता टीपॉयवर ठेवून दिला. यात नवीन काहीच नव्हतं. त्यांची थोरली लेक अपेक्षा याच घरात सून म्हणून आली त्याला पाच वर्षं झाली, आणि या पाच वर्षांत त्यांनी या घरच्या पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. राहायला ते त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. येता-जाता दारात उभे राहायचे, लेकीची चौकशी करायचे आणि "आत्ताच घेतला" म्हणून जिना चढू लागायचे. साताऱ्याकडच्या त्यांच्या घराची रीतच होती ती: लेकीच्या पोटी मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं खायचं-प्यायचं नाही. गावाकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे शिरगावात सांगावं लागलं असतं, आणि सांगायचं म्हणजे 'मूल' हा शब्द अपेक्षाच्या देखत उच्चारावा लागला असता. दोनदा राहून दोनदा गेलेलं. त्यामुळे खंडेराव आपलं "आत्ताच घेतला" म्हणत राहिले.

पण त्या रविवारी टीपॉयवर कपाशेजारी नोटीस पडलेली होती. मीटरच्या पेटीवर महिनाभर चिकटवलेली, आता सोलून आणलेली. 'गच्ची दुरुस्ती' असं वर लिहिलेलं आणि खाली प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याचा आकडा. जमीन मालकांची, म्हणजे अपेक्षाच्या सासऱ्यांची, नवशांची. त्यांनी फ्लॅट दिले ते नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. दार तुमचं, आतल्या भिंती तुमच्या. छप्पर, जिना, टाकी मालकांची. दुरुस्ती मालकांनी करायची आणि खर्च सगळ्यांनी वाटून द्यायचा. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. गच्ची गळत होतीच. सगळ्यात जास्त तर खंडेरावांच्याच बेडरूममध्ये. पण गळती बंद करता करता नवशांनी गच्चीवर दोन खोल्याही उठवल्या होत्या, समुद्राकडे खिडक्या काढून, शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या लोकांसाठी. केळव्याला जागा मिळाली नाही की हे लोक शिरगावात खोली शोधत फिरतात. खोल्या, त्यांना लागून संडास-बाथरूम, बसायला सिमेंटचे बाक, सगळं त्या एका 'दुरुस्ती'त घातलं होतं.

हे सगळ्यांना दिसत होतं आणि बोलायला कुणी तयार नव्हतं. अशा वेळी खंडेरावांनी कप खाली ठेवला.

शेजारी बसलेले तिसऱ्या मजल्यावरचे रामनाथ त्या कपाकडे बघत राहिले. मग त्यांनीही आपला कप हळूच टीपॉयवर ठेवला. त्यांचं बघून दुसऱ्या मजल्यावरच्या ज्ञानेश्वरीबाईंनी ठेवला. त्यांचा एक घोट घेऊन झाला होता, तो गिळावा की कसं अशा विचारात त्या दोन क्षण गाल फुगवून बसल्या. बघता बघता सगळा टीपॉय भरलेल्या कपांनी भरून गेला.

"म्हंजे?" नवशा खुर्चीत पुढे सरकले. "पैशाचा राग चायवर काडता काय? व्याही, तुमीपन?"

खंडेरावांनी तोंड उघडलं. तसं काही नाही हो, आमच्यात एक रीत आहे, असं म्हणायला त्यांनी जीभ उचललीसुद्धा. तेवढ्यात त्यांना स्वयंपाकघराच्या दारात रिकामा ट्रे छातीशी धरून उभी असलेली अपेक्षा दिसली. त्यांनी तोंड मिटलं.

"बघा, व्याही आहेत तरी गप्प बसले नाहीत," रामनाथ म्हणाले. खंडेराव तर गप्पच बसले होते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मीटिंग मोडली. जिन्यात लोकांनी खंडेरावांचे हात हातात घेतले. संध्याकाळी बिल्डिंगच्या व्हॉट्सॅप ग्रुपचं नाव कुणीतरी बदलून 'चहा बंद' ठेवलं.

*

वत्सलाबाईंनी ते कप सुनेला धुऊ दिले नाहीत. स्वतः मोरीपाशी बसल्या आणि एकेक कप उपडा करत गेल्या.

"आय, राहू दे ना, मी करते," अपेक्षा म्हणाली. सासूला ती इथल्यासारखंच 'आय' म्हणायची.

"नको. तू वर जा तुज्या बापाकडं. मीटिंग चालू आसल त्यांची."

दातिवऱ्याहून डोक्यावर पाटी घेऊन पायी निघणाऱ्या बाईने ही इमारत उभी केली होती. अजूनही आठवड्यातून तीन दिवस त्या पालघरच्या बाजारात सुके बोंबील घेऊन बसत. घरातल्या सगळ्यांनी नको म्हटलं तरी बसत. इमारतीला नवऱ्याने त्यांचं नाव दिलं होतं, ते काही उगाच नाही. आणि या बाईला गेली पाच वर्षं एक गोष्ट खात होती.

"मना एक सांग," त्या निमेशला, आपल्या मुलाला म्हणाल्या. तो दारात मोबाईल घेऊन उभा होता. "तुजा सासरा मासळी खातो का नाय?"

"खातो की. का?"

"का म्हंजे! बोईसरच्या बाजारातून घेऊन येतो तो. मेडिकलच्या पिशवीत लपवून. बोंबलाला औषदाच्या पिशवीत घातला म्हनून तो क्रोसिन व्हतो काय? जिन्यात मना वास येत नाय? आवं, मी मासळीवाली! घरात विहीण मासळीवाली आसून हा मानूस तिकडं कुना परक्या बाईकडं पैसे मोजतो. का? आमच्या हातचा नको. आमची पोर... आमची सून चालते ना रे त्याला, ती त्याचीच हाय. आमचा पानी चालत नाय."

"असं काही नसेल, आय."

"मग कसा हाय? तूच सांग. लग्नाच्या येळी जेवला न्हवता तो, आठव. उपास हाय म्हनाला. कसला उपास? सोमवार होता काय? बुधवारी लग्न होता तुजा!"

निमेशने मान खाली घातली. त्याने लग्न जुळवण्यासाठी दोन वर्षं दोन्ही घरांच्या विनवण्या केल्या होत्या. त्या काळापासून त्याला एकच गोष्ट नीट येत होती, कुणी काही विचारलं की मोबाईलकडे बघायचं.

"तुजा बाप म्हनत होता, व्याह्यांचा वाटा सोडून देऊ," वत्सलाबाई म्हणाल्या. "घरचा मानूस हाय म्हनून. मीच बोलली, नाय. आमचा कप ज्याला चालत नाय त्याला आमची गच्ची फुकट कशाला? सगळ्यांच्या आगोदर त्याच्याकडून घ्या."

शेवटचा कप त्यांनी इतक्या जोरात घासला की कान हातात आला.

*

चौथ्या मजल्यावर सण असल्यासारखं वातावरण होतं, म्हणजे प्रतीक्षापुरतं. ती खंडेरावांची धाकटी लेक, बोईसरला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये होती आणि बिलं बघून बघून तिच्या अंगात एक प्रकारचा खवचटपणा आला होता.

"पप्पा, तुम्ही कमाल केलीत. मी महिनाभर या लोकांच्या मागे लागले होते, बोला म्हणून. एकानेही तोंड उघडलं नाही. आणि तुम्ही एक कप खाली ठेवला! आता मागे हटायचं नाही. गळतीचं काम कितीचं, खोल्यांचं कितीचं, वेगवेगळी बिलं मागायची. नाहीच दिली तर ग्राहक आयोग."

"अगं, मी काय त्यासाठी..."

"मला सांगा, दुरुस्तीत संडास कसा आला? आधी गच्चीवर संडास होता? नव्हता. मग जो नव्हताच तो दुरुस्त कसा झाला?"

"आगं बाई, हळू बोल," तिची आई मैनाबाई म्हणाल्या. "खाली तुझ्या बहिणीचं सासर हाय. आन् तुमी हो! सांगून टाकायचं न्हाई का, आमच्यात असं असतं म्हणून? त्या विहीणबाईला काय वाटलं आसंल?"

"काय सांगू? कुणाच्या पुढं सांगू?" खंडेराव वैतागून म्हणाले. "रामनाथच्या पुढं? ज्ञानेश्वरीबाईच्या पुढं? की ऐका हो ऐका, माझ्या लेकीला अजून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"आन् आता न सांगून काय झालं? पैशासाठी व्याह्याचा च्या ठोकरला, असं झालं! लेक दिलीय त्या घरात. आपण खाली मान घालून ऱ्हायचं की पुढारी व्हायचं?"

"मी झालोय का पुढारी? मला केलंय."

"मग उतरा खाली."

"कसा उतरू? आता च्या प्यायलो तर सगळे म्हणतील व्याह्यांनी गुंडाळला. न प्यावा तर व्याही म्हणणार भांडायला उठला. तारापूरला तीस वर्षं फिटरचं काम केलं, एवढा अडकलेला नट बघितला न्हाई मी."

वरून छताचा ओला डाग त्यांच्याकडे बघत होता. खोल्या झाल्या, बाक झाले, आणि हा डाग जिथल्या तिथे होता. म्हणजे ज्याला दुरुस्ती म्हणतात ती अजून झालेलीच नव्हती. खंडेरावांच्या मनात ते आलं आणि त्यांचं डोकं आणखी फिरलं. आयुष्यभराचा फंड या फ्लॅटमध्ये घातलेला. व्याही नसते तर त्यांनी पहिल्याच दिवशी खाली जाऊन विचारलं असतं. मुलीच्या बापाने विचारायचं नाही, एवढ्यावर ते दोन महिने पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपत होते.

"पप्पा, मी सांगते तुम्हाला," प्रतीक्षा म्हणाली, "ही रीतबीत सगळी..."

"रीतीला नाव ठेवू नकोस. माझ्या बापाने पाळली. तुझी आत्या वाईला दिली, तिथं तो आठ वर्षं दारात बसून आला."

"आणि आत्याला कसं वाटायचं, कधी विचारलंत?"

खंडेरावांना तो प्रश्नच कळला नाही. रीत पाळली की लेकीचा मान राहतो. लेकीला दुसरं काय वाटणार?

*

अपेक्षा वर आली ती बुधवारी दुपारी. चपला दारात फेकल्यासारख्या काढल्या. मैनाबाईंनी पाणी आणलं, ते तिने घटाघट प्यायलं.

"बघ," ती आईला म्हणाली, "मी इथलं पाणी पिऊ शकते. कुणी मला विचारत नाही, तू का प्यायलीस."

"आगं, काय झालं?"

"काय व्हायचंय! खाली जेवताना कुणी बोलत नाही. बाबा निमेशला म्हणतात, तुझ्या सासऱ्याने माझ्या तोंडावर चहा मारला. निमेश मला म्हणतो, तू समजाव तुझ्या पप्पांना. वर आले की प्रतीक्षा म्हणते, तू समजाव तुझ्या सासऱ्याला. मी काय दोन मजल्यांमधला जिना आहे का? येतो तो माझ्यावर पाय देऊन जातो!"

"तायडे, पैसे चुकीचे लावलेत, ते तुला पण माहितीय," प्रतीक्षा म्हणाली.

"माहितीय! चुकीचेच लावलेत. खोल्यांचे पैसे लोकांनी का द्यायचे? मी निमेशला पहिल्या दिवशी सांगितलं. त्यालाही पटतं. बापासमोर बोलायची हिंमत नाही एवढंच. त्या पैशांसाठी भांडा ना, मी कुठे नको म्हणते? खुशाल भांडा! मी चहाचं बोलतेय."

ती वडिलांकडे वळली. खंडेराव पलंगाच्या कडेला बसले होते, डागाच्या बरोबर खाली.

"पप्पा, दर वेळी तुम्ही माझ्या घरी येता आणि कप खाली ठेवता. तुम्हाला वाटतं तुम्ही माझा मान राखता. मला त्या कपाचा आवाज आला की काय ऐकू येतं सांगू? 'अजून नाही झालं.' दुसरं काही नाही. दिवाळीला नाही झालं, पाडव्याला नाही झालं, गणपतीत नाही झालं. डॉक्टर महिन्यातून एकदा विचारतो, सासू कधीच विचारत नाही. कधीच, पप्पा! ती बाई मला मुंबईला दवाखान्यात घेऊन जाते आणि येताना वडापाव खायला घालते, विषय काढत नाही. फक्त तुम्ही विचारता. तोंड न उघडता, प्रत्येक वेळी."

मैनाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"मी..." खंडेराव म्हणाले. "मला वाटलं..."

"आणि तिला वाटतं, मासळीवाल्यांच्या घरचं तुम्हाला चालत नाही. मी काय सांगू तिला? खरं सांगितलं तर रडेल ती. म्हणून पाच वर्षं मी पण 'पप्पा आत्ताच घेऊन आले' म्हणते. तुमचंच वाक्य."

ती उठली, चपला घातल्या आणि जिन्यावरून म्हणाली, "मूल झालं तर होईल. नाही झालं तर तुम्ही माझ्या हातचं न खाता मरणार का?"

खंडेरावांना फार वाईट वाटलं. एवढं वाईट त्यांना वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मैनाबाईंनीही त्यांना उठा म्हटलं नाही.

*

पुढच्या रविवारी हॉल पुन्हा भरला. या वेळी सगळे घरून चहा पिऊन आले होते, आणि रामनाथनी तर पाण्याची बाटलीही आणली होती. नवशा छातीवर हात बांधून बसले होते. निमेश मोबाईलकडे बघत होता.

चहा आला. वत्सलाबाईंचा हट्टच होता. कुणी पिओ ना पिओ, दारात आलेल्याला चहा न देणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. ट्रे त्या स्वतः घेऊन आल्या आणि पहिल्यांदा खंडेरावांसमोर उभ्या राहिल्या. चेहरा असा, की घ्या आणि ठेवा एकदाचा खाली.

खंडेरावांनी कप उचलला. कान तुटलेला होता तो. सगळा हॉल त्यांच्या हाताकडे बघत होता. दारात अपेक्षा होती.

ते प्यायले. एका घोटावर थांबले नाहीत. गरम होता तरी बशीत न ओतता, जीभ भाजत, तळापर्यंत प्यायले.

"गेला," रामनाथ पुटपुटले. "व्याह्यांनी खिशात घातला." ज्ञानेश्वरीबाईंनी सुस्कारा टाकला. नवशांचे हात छातीवरून सुटले आणि चेहऱ्यावर हसू आलं. "वा, व्याही! मना म्हाईत होता, घरचा मानूस तो घरचाच."

"साखर जास्त झाली," खंडेराव म्हणाले. "अपेक्षा पहिल्यापासून जास्तच घालते."

"चाय मी केली हाय," वत्सलाबाई म्हणाल्या.

"मग विहीणबाई, तुमीपण जास्तच घालता." त्यांनी रिकामा कप ट्रेमध्ये ठेवला. "पाच वर्षं प्यायलो न्हाई. चूक झाली. तुमच्या घरात काय खोट न्हवती. आमच्या गावाकडचं एक खूळ होतं, ते डोक्यातून आजच काढून टाकलं. कसलं ते विचारू नका."

वत्सलाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग वळून दारातल्या सुनेकडे बघितलं. अपेक्षाने पटकन खाली बघितलं. बाजारात चाळीस वर्षं माणसं ओळखत बसलेली बाई. त्यांना काय कळायचं ते कळलं. ट्रे त्यांच्या हातात तसाच राहिला.

"आता दुसरं," खंडेराव म्हणाले आणि खुर्चीत ताठ बसले. "च्या प्यायलो तो व्याही म्हणून. आता फ्लॅटवाला म्हणून बोलतो. हे पैसे मी देणार न्हाई."

नवशांचं हसू जाग्यावर थिजलं. "आं?"

"गळतीच्या कामाचा माझा वाटा देईन, आजच्या आज. पण गळती थांबली पाहिजे. माझ्या पलंगावर अजून ठिपका पडतोय, वर चला आन् बघा. खोल्या तुमच्या धंद्याच्या. त्यातली एक वीट माझ्या नावावर लावू नका."

"माज्याच घरात, माजीच चाय पिऊन, वर मलाच..."

"न पिता बोललो असतो तर भांडण झालं असतं, नवशाशेठ. आता नुसता हिशेब हाय."

"बिलं वेगळी करा," मागून प्रतीक्षा ओरडली. "आणि दुरुस्तीत संडास कसा आला ते सांगा!"

मग काय, सगळा हॉल बोलायला लागला. महिनाभर तोंडाला कुलूप लावून बसलेली माणसं एकाच वेळी बोलायला लागली म्हणजे काय होतं ते तिथे झालं. रामनाथ उभे राहून बोलत होते, ज्ञानेश्वरीबाई बसून. नवशा दोघांनाही एकदम उत्तर देत होते, त्यामुळे एकालाही नीट मिळत नव्हतं.

"संडास वगळला!" नवशा टेबलावर हात आपटत म्हणाले. "जावा, संडास वगळला!"

"आणि खोल्या?"

"खोल्यांचा बघू."

"बघू नाही बाबा," निमेश म्हणाला. मोबाईल खिशात गेला होता. "खोल्या आपल्या. भाडं आपण घेणार, मग खर्च दुसऱ्यांनी कशाला? मना सकाळ-संध्याकाळ याच जिन्यासमोरून जायचा हाय."

"तू कुनाचा पोरगा रे?" नवशा किंचाळले, आणि पुन्हा एकच गलका झाला.

त्या गलक्यातून वाट काढत वत्सलाबाई किटली घेऊन आल्या. दारातून निघताना त्यांनी अपेक्षाचा हात धरला होता. तिलाही ओढतच आणलं. लोकांना बाजूला सारून त्या खंडेरावांसमोर येऊन थांबल्या. खंडेराव बोट उगारून नवशांना सांगत होते की बाकांचेही पैसे ते देणार नाहीत.

"पोरी, वोत," वत्सलाबाई म्हणाल्या आणि किटली सुनेच्या हातात दिली. "तुज्या बापाला तूच वोत."

अपेक्षाने तोच कान तुटलेला कप भरला. थोडा चहा बशीत सांडला. खंडेरावांचं बोट हवेतच राहिलं.

"भांडा, व्याही, भांडा," वत्सलाबाई म्हणाल्या. "पैशाचा काय ता तुमी आनि हे बघा. पन आता चाय गार करायची नाय. आनि त्या बोईसरवालीकडची मासळी बंद."

"बंद," खंडेराव म्हणाले, आणि लेकीच्या हातून कप घेतला.